थांबणारी गाडी

अण्णा गेले त्या सकाळी नगर रस्त्यावर नियम पाळणारी एकच गाडी होती, आणि ती त्यांच्यासाठीच थांबली होती.

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी मनात बऱ्याचदा लिहून पाहिलं आहे. नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडे मी प्रूफं तपासते. दुसऱ्यांच्या वाक्यांतले जास्तीचे शब्द काढणं हेच माझं काम. या वाक्यातून काढण्यासारखं काही सापडत नाही.

गाडी लेन्काची. लेन्का मूळची चेक, ब्रनो शहरातली. रांजणगावच्या एका परदेशी कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासण्याचं खातं तिच्याकडे होतं, आणि वाघोलीच्या आमच्या सोसायटीत ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. कंपनीने तिला गाडीबरोबर ड्रायव्हरही दिला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने वळसा वाचवायला गाडी राँग साइडने घातली. तिने जाब विचारला, तर म्हणाला, "सगळेच जातात, मॅडम." दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः चालवू लागली.

त्यानंतर तिचा रोजचा संताप कुठेतरी उतरायला हवा होता. तो आमच्याकडे उतरला. संध्याकाळी ती कामावरून यायची तेव्हा अण्णा, माझे वडील, गेटजवळच्या बाकावर बसलेले असायचे. आधी नुसती मान हलवणं, मग बाकावर टेकणं, मग आमच्या घरी चहा. ती इंग्रजीत बोलायची, अण्णा आपल्या जुन्या कारखान्यातल्या इंग्रजीत, आणि दोघांचं अडलं की मी मध्ये पडायची.

"लोक रस्त्याच्या मधून का चालतात?" तिने एकदा विचारलं.

"फुटपाथवर गाड्या असतात म्हणून," अण्णा म्हणाले.

"आणि गाड्या फुटपाथवर का?"

"रस्त्यात लोक चालतात. मग गाड्या कुठे लावायच्या?"

ती हसली नाही. तिला खरोखर उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी नवीन प्रश्न. समोरच्या ट्रकने लाइट मारली म्हणून ती पुढे गेली, तर ट्रक अंगावरच आला. "आमच्याकडे लाइट मारली म्हणजे तू आधी जा, असा अर्थ असतो."

"इथे त्याचा अर्थ, मी येतोय, तू बाजूला हो."

"आणि मी बाजूला नाही झाले तर?"

"तर मग पुढचा अर्थ त्याने सांगितलाच की तुम्हाला."

तेव्हा मात्र ती हसली, आणि तिच्यामागून अण्णाही. आई गेल्यापासून अण्णांना असं कुणी प्रश्न विचारत नव्हतं. माझ्याशी ते भाजीबद्दल आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचे.

अण्णांना नियमांचं वेड होतं असं नाही, पण पट्ट्यांवर त्यांचा विश्वास होता. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. तिथे जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले असत. माणसांनी पट्ट्यांच्या आत चालायचं, ट्रॉल्यांनी बाहेर. पट्ट्याच्या आत कुणाला धक्का लागला तर चौकशी ट्रॉलीवाल्याची, आणि बाहेर लागला तर धक्का खाणाऱ्याची. "आत दारू भरलेली आहे हे प्रत्येकाला माहीत होतं," ते सांगायचे, "म्हणून सगळे शहाण्यासारखे वागायचे. बाहेर कुणाला माहीतच नाही."

निवृत्तीनंतर खडकीचं क्वार्टर सुटलं आणि ते माझ्याकडे वाघोलीला आले. इथे त्यांनी आपली ओलांडण्याची पद्धत बसवली. लेन्काला त्यांनी ती नीट समजावून सांगितली होती. एकट्याने कधी निघायचं नाही, चार माणसं जमू द्यायची. हात पुढे करायचा, पंजा उघडा, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत मुळीच बघायचं नाही, बघितलं की त्याला वाटतं तुम्ही त्याला बघितलंय, मग तो कशाला थांबेल. एकदा पाऊल टाकलं की चाल बदलायची नाही. गाड्या तुमच्या चालीचा हिशेब करून मागून किंवा पुढून जातात. तुम्ही थबकलात की त्यांचा हिशेब चुकतो.

"आणि बरोबर एखादी जाड बाई असेल," ते शेवटी म्हणाले, "तर तिच्या डाव्या हाताला राहायचं. गाड्या उजवीकडून येतात."

"अण्णा," मी म्हणाले.

"खरं ते सांगतोय. त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

आमची गल्ली जिथे नगर रस्त्याला लागते, तिथून जरा पुढे झेब्रा आहे. नव्याने रंगवला होता. पलीकडे पेपरची टपरी आणि डेअरी. अण्णा रोज सकाळी पेपर आणि दूध आणायला जायचे, त्याच सुमाराला लेन्का कामावर निघायची. पहिल्यांदा ती झेब्र्याशी थांबली तेव्हा अण्णा तिच्यावर चिडले. पुढे जा, पुढे जा, असे हात करत राहिले. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. ती हलली नाही. शेवटी तेच ओशाळून ओलांडून गेले.

संध्याकाळी म्हणाले, "बाई, असं थांबू नका. मागचा येऊन आदळेल."

"तुम्ही पट्ट्याच्या आत होतात," ती म्हणाली.

नंतर कितीतरी वेळ ते गालातल्या गालात हसत होते.

मग तो रोजचा रिवाजच झाला. गाडी थांबायची, अण्णा हात कपाळाशी नेऊन सलाम केल्यासारखं करायचे, ती आतून तसाच सलाम करायची, आणि ते पिशवी हलवत पलीकडे जायचे. ज्या माणसाने आयुष्यभर वाहनांना चुकवत रस्ता ओलांडला, त्याच्यासाठी एक एवढी मोठी पांढरी गाडी रोज उभी राहत होती. आमच्या गॅलरीतून दोन होर्डिंगांच्या मधून झेब्र्याचा तुकडा दिसतो. डिव्हायडरवर पोचले की अण्णा वळून गॅलरीकडे पिशवी उंच करायचे. म्हणजे पोचलो. घरातून बाहेर पडणाऱ्याने पोचल्याचं कळवायचं, हा आमच्या घरातला नियम आईचा. अण्णांनी तो लेन्कालाही लावला होता. रांजणगावला गेली की तिचा अण्णांच्या फोनवर मराठीत मेसेज यायचा, 'पोचले'.

हळूहळू ते तिची वाट बघायला लागले. रस्ता मोकळा असला तरी कडेला उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "येईलच आता ती. कशाला जिवावर उदार व्हायचं?"

त्या सकाळी मी गॅलरीत नव्हते. चहा गाळत होते. जे झालं ते मला नंतर सगळ्यांनी थोडं थोडं सांगितलं, आणि ते इतकं साधं आहे की त्यात दोन मतं झालीच नाहीत. गाडी थांबली. अण्णांनी सलाम केला. लेन्काने सलाम केला. ते तिच्या गाडीपुढून चालत निघाले. मागून एक टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याला गाडी उभी दिसली, त्याने हॉर्न दिला आणि टेम्पो उजवीकडून काढला. तिची गाडी उंच होती. तिच्या आडून अण्णा बाहेर आले ते त्याच्या पुढ्यातच. त्यांनी त्या बाजूला बघितलं नव्हतं. मोकळा रस्ता असता, कुणी थांबलेलं नसतं, तर त्यांनी बघितलं असतं. ते नेहमी बघायचे.

दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले.

लोक जमले ते टेम्पोभोवती नाही, लेन्काच्या गाडीभोवती. बॉनेटवर हात आपटत होते. मधेच कशाला थांबवली, एवढं एकच सगळे विचारत होते. आमचा वॉचमन माऊली धावत गेला आणि तिच्या दारापाशी आडवा उभा राहिला. "सोसायटीतल्या आहेत, ओळखीच्या आहेत," तो ओरडत होता. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच अण्णांना उचलून रिक्षात घातलं.

सुतकात माझी आत्या, मुक्ताबाई, लोणीकंदहून येऊन राहिली होती. शेजारपाजारचे कुणी पिठलं आणून द्यायचे, कुणी भात. ते बघून लेन्काही एका संध्याकाळी भाताचं पातेलं घेऊन आली. भात फार मऊ झाला होता. ती खाली सतरंजीवर बसली, पाय दुमडून.

आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "ही बाई थांबलीच नसती तर माझा भाऊ आज हितं बसला असता."

"आत्या."

"काय खोटं हाय का? सगळं गाव म्हणतंय. कोण थांबतं तिथं? मी म्हणते, माणसानं चारचौघांसारखं वागावं."

लेन्काला तोवर बरंच मराठी कळत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, अर्थ विचारायला नाही. मग उठली. दाराशी जाऊन, अण्णांनी शिकवलं होतं तसं, हात जोडून म्हणाली, "येते."

आत्याने पदर तोंडाला लावला. सुतकाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत, न बोलता उठून जातात. अण्णांनी तिला एवढंच शिकवलं होतं की जाते म्हणू नये, येते म्हणावं. दुसरी बाजू शिकवायची वेळ कधी आली नव्हती. मी तिला काही सांगितलं नाही. दार लावून घेतलं.

नंतर तिचा जबाब झाला. जबाब मराठीत लिहायचा होता आणि कंपनीने पाठवायचं कबूल केलेला दुभाषा आला नाही. मला चौकीत दुसऱ्याच कागदावर सही करायला बोलावलं होतं. फौजदार बाई विजयमाला नावाच्या होत्या, चाळिशीच्या, थकलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला चालणार असेल तर तुम्हीच सांगा मराठीत. नाहीतर परत सगळ्यांची खेप."

मी हो म्हटलं. तर मग माझ्या वडिलांचं मरण तिने इंग्रजीत सांगितलं, मी ते मराठीत सांगितलं, आणि एका हवालदाराने ते लिहून घेतलं.

टेम्पोवाला योगेश बाकावर बसला होता. बुलढाण्याकडचा, तिशीचा, डोळे सुजलेले. त्याचा जबाब आधीच झाला होता, तरी तो मधेच बोलला. "मॅडम, गाडी उभी दिसली, मला वाटलं बंद पडली. देवाशपथ. हॉर्न दिला मी."

"तू गप्प बस," फौजदार बाई म्हणाल्या. मग लेन्काकडे वळून, "तुम्ही का थांबलात?"

मी विचारलं. ती म्हणाली, "तिथे माणूस होता."

मी सांगितलं.

"माणूस कुठे नसतो?" फौजदार बाई म्हणाल्या, कुजकेपणाने नाही, कंटाळून. "हे त्यांना सांगू नका. विचारा, मागे बघितलं होतं का? आरशात?"

मी विचारलं. लेन्का म्हणाली, "रोज बघते. आधी आरसा, मग ब्रेक. त्या दिवशी नाही बघितलं. मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी नवीन टोपी घातली होती."

टोपी मीच आणली होती, आदल्या दिवशी. मी तिचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. हवालदाराचं पेन थांबलं. त्याने वर बघितलं.

"टोपीबिपी लिहायची गरज नाही," फौजदार बाई म्हणाल्या. "आरशाचंही नको. झेब्र्यावर गाडी थांबवली, एवढं लिहा. ते बरोबरच आहे. थांबणं काय गुन्हा नाही." मग पेन हातात घेऊन, स्वतःशी बोलल्यासारखं, "पण थांबत कुणी नाही, हेही बरोबरच आहे."

बाहेर आल्यावर लेन्काने विचारलं, "आरशाचं लिहिलं?"

"नाही."

"का?"

"गरज नाही म्हणाल्या. नियम तुझ्या बाजूने आहे."

"मला नियम माहीत आहे." ती चौकीच्या पायरीवर उभी होती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं. "मी तुला एकच विचारते, तू वाचतेस, विचार करतेस, तू खरं सांगशील. मी थांबले नसते तर अण्णा पोचले असते?"

मी प्रूफं तपासते. जर-तरची वाक्यं माझ्या हाताखालून रोज जातात. पुस्तकांत ती चालतात, कारण पुढच्या पानावर लेखक काहीतरी करतो. मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही." ते खरं नव्हतं, आणि ते तिला कळलं. तिने मान हलवली आणि गाडीकडे गेली. मी रिक्षा केली.

त्यानंतर आम्ही फारशा भेटलो नाही. जिन्यात गाठ पडली तर ती हसायची, मी हसायची. मी गॅलरीचं दार लावून ठेवलं. दूध आता एक माणूस दारात टाकून जातो, पेपर मी बंद केला. अण्णांच्या फोनवर कुणाचेही मेसेज येत नव्हते.

गेल्या रविवारी मी आत्याकडे निघाले होते. अण्णांची शाल तिला द्यायची होती, तिने मागितली होती. गल्लीच्या तोंडाशी बसची वाट बघत उभी असताना पांढरी गाडी शेजारी आली. काच खाली झाली. "लोणीकंद? मला कारखान्यात काम आहे. बस."

मी बसले. शाल मांडीवर घेतली. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना ती पूर्वी थांबायची, उजवीकडून येणारं सगळं जाऊ द्यायची. अण्णा म्हणायचे, ही अशी थांबली तर एक दिवस हिला पेन्शन लागेल. आज तिने वेग कमी न करता गाडीचं नाक रस्त्यात घातलं, येणाऱ्या रिक्षाला लाइट मारली, हॉर्नवर हात ठेवला. रिक्षावाल्याने ब्रेक मारला आणि काहीतरी म्हणाला. तिने तिकडे बघितलंही नाही.

झेब्रा आला. कडेला एक म्हातारा उभा होता. डेअरीची कापडी पिशवी, पांढरा सदरा, अण्णांसारखा मुळीच नव्हता, चांगला उंच होता. त्याने एक पाऊल रस्त्यावर टाकलेलं होतं.

माझा पाय आपोआप दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, पायपुसणं होतं.

लेन्काने आरशात बघितलं. मग लांबलचक हॉर्न दिला आणि वेग वाढवला. म्हाताऱ्याने पाऊल मागे घेतलं. त्याला राग आलेला दिसला नाही, आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. गाडी पट्ट्यांवरून निघून गेली.

माझ्या बाजूच्या आरशात तो लहान होत होता. आमच्या मागे एक मोटारसायकल गेली, मग जरा जागा झाली. तो उतरला. हात पुढे, पंजा उघडा, मान सरळ. चाल बदलली नाही. एक रिक्षा त्याच्या मागून गेली, एक कार पुढून गेली. तो डिव्हायडरवर चढला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

लेन्काही बघत होती, मधल्या आरशात.

"पोचला," ती मराठीत म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं.